कौदीच्या पोटातली पुडी

सदऱ्याच्या डाव्या खिशाला भोक पडलं होतं, म्हणून मी दोन्ही पुड्या उजव्या खिशात ठेवल्या. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच. बायकोला सांगितलं असतं तर तिनं दोन मिनिटांत भोक शिवून दिलं असतं. पण शिवायच्या आधी तिनं खिशात हात घातला असता, आणि माझ्या खिशात कुणी हात घालावा अशी त्या दिवसांत माझी परिस्थिती नव्हती.

का नव्हती, ते सांगतो. आमची एकुलती एक लेक कमल लग्न होऊन कॅनडात टोरांटोला गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. जावई तिथं इंजिनियर. पोरगी पंधरा दिवसांनी एक निळं पत्र पाठवायची आणि मी ते चंद्रव्वाला, म्हणजे आमच्या मंडळींना, वाचून दाखवायचो. पोरगी तिथं मजेत होती. ‘इथं हीटरवर भाकरी ठेवली की दोन दिवसांत आपल्याकडच्यासारखी कडक होते,’ असं लिहायची. ‘शेजारची बाई बिस्कीट समजून दोन घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरचा पत्ता विचारायला आली. शेंगाची चटणी ह्यांच्या हातोडीनं कुटते. जुन्या पडद्यांची पायपुसणी शिवली. बर्फ पडायला लागला की खिडकीत बसते आणि चहात भाकरी बुडवून खाते, लई बरं वाटतं.’

मग दिवाळीत पत्र आलं, की कमलला दिवस गेलेत. डॉक्टरनं प्रवासाला मनाई केली आहे, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही माहेरी येता येणार नाही. खाली लिहिलं होतं, ‘अव्वा, बाळासाठी तुझ्या हातची कौदी पाठव. इथली ब्लँकेटं उबदार आहेत, पण त्यांना कसलाच वास नाही. पांघरलं की आपण कुणाच्या घरात झोपलोय तेच कळत नाही.’ (कौदी म्हणजे गोधडी. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असते.)

चंद्रव्वानं पत्राची घडी घालून देवापाशी ठेवली. मग तिनं तीन निर्णय जाहीर केले.

“मी जाऊ शकत न्हाय, तर माझी कौदी जाईल,” हा पहिला.

“बाळंतपणाचं पत्र मीच वाचनार. तुमी मधलं गाळताव,” हा दुसरा. (एकदा पोरीला ताप आल्याची ओळ मी गाळली होती. हिला काळजी नको म्हणून. ते नंतर उघडकीला आलं.) त्याच आठवड्यात ती देवळाच्या ओवरीतल्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन बसली.

तिसरा निर्णय माझ्या नाकावर होता. ती मला आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या देवळात घेऊन गेली आणि लेक सुखरूप सुटावी म्हणून मी तपकीर कायमची सोडतो, असं माझ्याकडून देवासमोर वदवून घेतलं. तीस वर्षांची सवय! वर माझी पितळेची डबी तिनं स्वतःच्या हातानं तळ्यात टाकली. मी ते व्रत निष्ठेनं पाळलं. अकरा दिवस. (त्यातले चार दिवस मला सर्दी होती.) बाराव्या दिवसापासून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून चार आण्यांची पुडी आणू लागलो, ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये चिमूट ओढू लागलो, आणि घरी येताना लवंग चघळू लागलो. नाकात ओढलेल्या वस्तूसाठी लवंग चघळून काय उपयोग, हे तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारलं होतं.

इकडे कौदी आकाराला येत होती. शेजारच्या ईरम्मा त्यातल्या जाणत्या. वय ऐंशीच्या घरात, दिसायचं जेमतेम, पण बोटांना सगळं कळायचं. घरातल्या प्रत्येकाचं जुनं कापड त्यात हवं, असा त्यांचा नियम. चंद्रव्वाचं इरकल, कमलचा शाळेतला लाल परकर, माझं विरलेलं धोतर, सगळं त्यात गेलं. आणि कौदीचं पोट उपाशी ठेवायचं नाही. मधोमध कापडाच्या घरात पोळीचा तुकडा नाहीतर मूठभर तांदूळ घालून ते शिवून टाकायचं. उपाशी कौदी पांघरली तर माणसाला झोप लागत नाही म्हणे.

पण इथं बिरप्पा आडवा आला. बिरप्पा पलीकडच्या गल्लीतला. कमलच्याच गावात नोकरीला होता, सुट्टीवर आलेला, आणि कौदी तोच नेणार होता.

“काकू, खायची वस्तू अजिबात नको,” त्यानं बजावलं. “कस्टमवाले उसवून बघतात. आणि वजन अडीच किलोच्या वर नको.”

तेव्हा असं ठरलं की पोटात देवळातली विभूतीची पुडी घालायची. देवाचंही झालं आणि पोटही भरलं. पुडी आणायचं काम माझ्याकडे आलं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. बिरप्पाची गाडी त्या दिवशी संध्याकाळची. तो साडेचारला कौदी न्यायला येणार. सकाळी मी देवळातून विभूतीची पुडी घेतली, येता येता दुकानातून दुसरी पुडी घेतली, आणि दोन्ही उजव्या खिशात घातल्या. दोन्ही वर्तमानपत्राच्या कागदाच्या, दोन्ही बोटाएवढ्या. घरी आल्यावर चंद्रव्वानं हात पुढं केला. मी खिशातून एक पुडी काढून दिली. ती तिनं कपाळाला लावली, न उघडता कौदीच्या पोटात ठेवली (देवाची पुडी, उघडायची कशी?) आणि माझ्या देखत टाके घालायला बसली. मी समाधानानं ऑफिसला गेलो.

साडेअकराला रेकॉर्ड रूममध्ये जाऊन मी पुडी सोडली. तिथं अंधार. एक चिमूट घेऊन ओढली. काही नाही. झिणझिणी नाही, डोळ्यांत पाणी नाही. दुकानदारानं फसवलं म्हणून मी दुसरी चिमूट ओढली, जरा मोठी. तरी काही नाही. तिसरी ओढून बाहेर आलो तेव्हा हेडक्लार्क माझ्याकडे बघत राहिले.

“सिद्रामप्पा, आज नाकालासुद्धा विभूती? घरी काही विशेष?”

मी बोटांकडे बघितलं. बोटं पांढरी होती.

देवाचा अंगारा मी तीन चिमट्या नाकात ओढला होता. आणि तपकीर होती माझ्या होणाऱ्या नातवाच्या पांघरुणात! कोवळं बाळ त्यात गुंडाळणार, पुडी कधीतरी फुटणार, आणि त्या इवल्या नाकात... त्याच्या पुढचं मला सुचेना. त्याआधी कस्टमवाले कौदी उसवणार आणि आत निघणार कागदात बांधलेली तपकिरी पूड. बिरप्पा कितीही सांगू दे, त्यांचा विश्वास बसेल? बिचारा तुरुंगात, कौदी कचेरीत. आणि ह्या सगळ्याच्या वर चंद्रव्वा. नुसती रागावली असती तर मी सोसलं असतं. पण लेकीवर काही वेळवखत आली, तर ‘तुमी शपथ मोडली म्हणून झालं’ हे वाक्य मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. खरं सांगतो, तिनं नाही म्हटलं तरी ते मीच मला म्हटलं असतं.

“साहेब, अर्धा दिवस रजा हवी,” मी म्हणालो. “पोटात गडबड आहे.” कुणाच्या पोटात, ते सांगितलं नाही.

हेडक्लार्क मनुष्य कामाचा. आधी दोन रजिस्टरं पुरी करून घेतली, मग सोडलं. घरी पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. चंद्रव्वा वर्गाला गेलेली. तिचा वर्ग चारला सुटायचा. दाराशी कट्ट्यावर ईरम्मा कौदी मांडीवर घेऊन शेवटच्या कोपऱ्याचे टाके घालत होत्या.

“का रं सिद्रामा, लौकर आलास व्हय?”

“व्हय. ईरम्मा, कौदी द्या जरा. वजन करून आणतो. अडीच किलोच्या वर नको म्हणालाय बिरप्पा.”

“सकाळी चंद्रव्वानं केलं की. भरलं सव्वादोन.”

“त्यानंतर तुमी टाके घातलेत न्हवं? दोऱ्याला बी वजन असतंय.”

ईरम्मांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यांना खरंच कमी दिसतं का, अशी मला शंका आली. पण शेवटची गाठ मारून, दोरा तोडून त्यांनी कौदी दिली. मी वाण्याकडे न जाता आतल्या खोलीत शिरलो, दार लोटलं, दाढीचं पातं काढलं आणि मांडी घालून कौदी मांडीवर पसरली.

पोट सापडायला वेळ लागला नाही. मधोमध कमलच्या लाल परकराचा चौकोन होता. पण चंद्रव्वाचे टाके! बारीक, एकाला एक चिकटलेले. बाईनं एकेका टाक्यात लेकीचं नाव घेतलं असावं. मला ते उसवताना चोरासारखं वाटत होतं. चार बोटं उसवलं, दोन बोटं आत घातली, पुडी लागली. ओढली. येईना. शिवताना सुई तिच्या कोपऱ्यातून गेली होती. जरा जोरानं ओढली, आणि अर्धी पुडी हातात आली.

उरलेली अर्धी आतल्या आत सांडली.

मी कौदी उलटी धरली आणि झटकली. हे काम मोकळ्या जागेत करायचं असतं, हे मला त्यानंतर लगेच समजलं. पहिली शिंक आली तेव्हा भांड्यांची फळी हादरली. मग दुसरी, मग तिसरी.

बाहेरून ईरम्मा ओरडल्या, “सिद्रामा, मोज रं! लेकीच्या कामाला निघालेल्या वस्तूजवळ शिंका सम पायजेत!”

मी सात शिंकलो आणि थांबलो. वाट बघितली. आठवी येईना. तपकीर सोडवण्यासाठी धडपडणारा आणि एका शिंकेसाठी तपकिरीची चिमूट ओढणारा माणूस सोलापुरात त्या दिवशी मी एकटाच असेन. आठवी झाली.

“झाल्या का?”

“झाल्या, आठ!”

जेवढी निघाली तेवढी तपकीर काढली, फुंकर मारली, पुन्हा झटकली. मग खिशातली विभूतीची पुडी नीट बांधून पोटात ठेवली, देवाची मनोमन माफी मागितली आणि सुईत दोरा ओवायला बसलो. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आवाज आला.

“पि... ठा... ची... गि... र... णी.”

चंद्रव्वा! वर्गाला जायला लागल्यापासून ती रस्त्यातली एकही पाटी वाचल्याशिवाय सोडत नसे. पाच मिनिटांची गल्ली, तिला वीस मिनिटं लागायची. आमच्या घरापर्यंत तीन पाट्या होत्या. पहिली संपली होती.

मी दोरा ओवला. दोरा सुईच्या बाजूनं गेला. पुन्हा ओवला.

“ले... डी... ज... टे... ल... र.”

ही पाटी तिला पाठ झाली असावी, कारण लवकर संपली. मी टाके घालत सुटलो. मला येते ती फायली शिवायची पद्धत. मोठे टाके, आरपार, शेवटी दुहेरी गाठ. घाम कौदीवर पडत होता.

“सा... य... क... ल...” इथं ती थांबली. पुढं ‘भाड्याने मिळेल’ असं होतं. मी देवाला म्हणालो, जोडाक्षरात अडकव तिला. ती अडकली! “भा... भाड...” तिनं दोनदा मागं येऊन वाचलं. त्या जोडाक्षरानं मला चार टाके मिळवून दिले. गाठ मारली, दोरा तोडला, पातं बाजूला फेकलं आणि कौदी घेऊन उठलो.

उठलो, आणि कौदीबरोबर धोतरही वर आलं. म्हणजे मी कौदी माझ्या अंगावरच्या धोतराला शिवली होती. पक्की. फायलीसारखी.

कट्ट्यावर चंद्रव्वाची चप्पल वाजली. मी खाली वाकून पातं शोधलं आणि धोतराचा तेवढा तुकडा कराकरा कापून काढला. दार उघडलं तेव्हा माझ्या हातात कौदी होती, कौदीला माझ्या धोतराचं ठिगळ लटकत होतं, आणि धोतराला गुडघ्याच्या वर पोळपाटाएवढं भोक होतं.

“काय करालाव?” चंद्रव्वानं विचारलं.

माणसाला अशा वेळी खरं सुचत नाही. जे तोंडाला आलं ते बोललो.

“अगं... जुनं धोतर घातलंस तू कौदीत. धुऊन धुऊन विरलेलं. म्हटलं, लेकीला अंगावरचं द्यावं. आत्ताचं. बापाच्या अंगाला लागलेलं.”

चंद्रव्वा जवळ आली, तिनं ते ठिगळ हातात घेतलं, माझे ते वेडेवाकडे टाके बोटानं चाचपले, आणि तिचे डोळे भरून आले.

“एवढा जीव हाय लेकीवर,” ती म्हणाली, “आन् कवा बोलला न्हाईत.”

मला इतकं ओशाळं आयुष्यात वाटलं नव्हतं. खरं सांगून टाकावं, पाय धरावेत, असं मनात आलं. तोंडही उघडलं. पण दारात बिरप्पा उभा होता. गाडीची वेळ झाली होती. चंद्रव्वानं भराभरा माझं ठिगळ चारी बाजूंनी टिपून टाकलं आणि कौदीची घडी घातली.

“आत पूड-बीड काही नाही ना, काका?” बिरप्पा म्हणाला.

“देवाची विभूती हाय की,” चंद्रव्वा म्हणाली.

“विभूती चालेल. पांढरी असते.” असं म्हणून त्यानं कौदी काखेत मारली आणि तो जोरात शिंकला.

ईरम्मांनी नाक वर केलं. “का गं चंद्रव्वा, वास कसला येतोय?”

“लवंग!” मी ओरडलो. “मी लवंग खाल्लीय!”

बिरप्पा दुसऱ्यांदा शिंकला, ईरम्मांनी “सम झाल्या, जा आता” म्हणून परवानगी दिली, आणि कौदी गेली.

त्यानंतरचे अडीच महिने मी कसे काढले, माझं मला ठाऊक. बिरप्पा सुखरूप पोचला, कौदी मिळाली, एवढं कळलं. पण बाळंतपण व्हायचं होतं. पोस्टमन गल्लीत आला की मी चंद्रव्वाच्या आधी दारात जाऊन उभा राहायचो. शपथ पुन्हा पाळायची असं मी रोज सकाळी ठरवत होतो आणि रोज काळजीनं बेजार होऊन संध्याकाळी थोडी ओढत होतो. (आता पुडी खिशात नव्हे, घरीच, रेडिओच्या मागं ठेवत होतो. खिशांवरचा माझा विश्वास उडाला होता.)

एप्रिलमध्ये निळं पत्र आलं. रविवार होता. चंद्रव्वा दुसऱ्या कौदीचे तुकडे जुळवत बसली होती.

“वाचा,” ती म्हणाली. “मी बाजूनं बघते.”

ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली. पाच महिन्यांत पाट्यांपर्यंत आलेली बाई, कमलचं गिचमिड अक्षर तिला काय लागणार, म्हणून मी निर्धास्त होतो. वाचायला लागलो. मुलगा झाला होता. सात पौंडांचा. दोघं सुखरूप. चंद्रव्वानं हात जोडले. मीही जोडले, आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही डोळ्यांना धार लागली.

पुढं वाचलं. ‘अव्वा, कौदी उघडली आणि आपलं घरच आलं. तुझ्या लुगड्याचा वास विमानात कुठंतरी उडून गेला, पण...’

पुढची ओळ डोळ्यांना दिसली आणि मी सराईतपणे वळण घेतलं. “‘...पण आप्पांचा वास जसाच्या तसा आहे. बाळ रडायला लागलं की मी कौदीच्या पोटाशी नाक नेते, आणि मला धीर येतो. बाळ मात्र शिंकतं. नर्स ब्लेस यू म्हणते.’”

“थांबा,” चंद्रव्वा म्हणाली.

तिनं बोट कागदावर ठेवलं. बोट ओळीवरून मागं मागं गेलं आणि एका जागी थांबलं.

“आ... प्पां... च्या...” ती म्हणाली. ह्या वेळी जोडाक्षरांत अजिबात अडकली नाही. “त... प... कि... री... चा... वा... स.”

पाच महिने बाई लेकीचं पत्र वाचायचं म्हणून शिकत होती, आणि लेकीच्या पत्रातले पहिले शब्द तिनं वाचले ते हे.

ती उठली, सरळ रेडिओकडे गेली, मागं हात घातला आणि पुडी काढली. शोधली नाही, नुसती काढली. म्हणजे तिला किती दिवसांपासून ठाऊक होतं, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

“पोरगी सुखरूप सुटली,” ती म्हणाली, “म्हणून सोडलं तुमाला. फुडचं वाचा.”

मी वाचलं, एकही अक्षर न गाळता. ‘वास आता कमी व्हायला लागलाय. दुसरी कौदी कराल तिला तोच वास घालून पाठवा. आप्पांना माझ्यासाठी एवढं करायला सांग.’

माझी मान आपोआप वर झाली. साता समुद्रापलीकडे लेकीला माझ्या तपकिरीचा आधार होता! मी घसा खाकरला.

“आता पोरीनंच सांगितलंय म्हटल्यावर,” मी म्हणालो, “इलाज न्हाय. रोज तासभर कौदी मांडीवर घेऊन बसत जातो, आणि थोडी थोडी ओढत जातो. शपथेचं बघू. लेकीसाठी एवढं करायलाच पायजे.”

चंद्रव्वानं नवी कौदी मांडीवर ओढली, माझी पुडी तिच्या पोटात टाकली, आणि बारीक टाके घालत तोंड बंद करून टाकलं.

“वासाला पुडी पुरं की,” दातानं दोरा तोडत ती म्हणाली. “तुमी कशाला?”